जाळी जुनीच बसवा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नांदेडला मी जुन्या गाड्यांचं काम करतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आज फक्त गाडीच्या समोरच्या जाळीवर, म्हणजे ग्रिलवर बोलतो.

अॅम्बॅसडर कोणत्या काळातली, हे जाळी सांगते. मार्क टूला बारीक चौकटी, मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या, मार्क फोरला पुन्हा चौकटी, पण जाळी लहान.

मागे लातूरहून एक मार्क टू आली. मालकाच्या वारलेल्या वडिलांची. जाळी दबलेली, गंजलेली. मालक म्हणाले, "मिळेल ती नवी टाका, चकचकीत दिसली की झालं." मी म्हटलं, "वडिलांच्या फोटोला दुसऱ्याच्या मिशा लावाल का?" ते हसले आणि थांबायला तयार झाले.

जाळी काढताना कोणता स्क्रू कुठला, याची खूण ठेवावी लागते. दबलेला भाग मागून लाकडी हातोडीनं हळूहळू उचलायचा. क्रोम शाबूत असेल तर सँडपेपर लावायचा नाही. तो थर फार पातळ असतो. क्रोम उडालेलंच असेल तर प्लेटिंगवाल्याकडे द्यायचं : आधी तांबं, मग निकल, शेवटी क्रोम. हे घरी करू नका, क्रोमचं पाणी विषारी असतं. बसवताना रबरी वायसर घालून सगळे स्क्रू आधी ढिलेच ठेवायचे. बॉनेट लावून दोन्हीकडची फट सारखी दिसली, की मगच आवळायचे.

गाडी न्यायला ते आईंना घेऊन आले. त्या माउलीनं जाळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ही आपलीच ना?"

२०२१ पासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नोंदणी १० वर्षांची असते. नियम सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांबद्दल बोलतो; पण भलती जाळी बसवायला पत्रा कापला, तर मूळ रूप कुठं उरलं?

अॅम्बॅसडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. आता आहे तेवढंच आपलं. तुमच्या गावाकडं वाड्यात, गोठ्यात एखादी गाडी झाकून पडली असेल, तर जाळी किलोच्या भावानं भंगारात घालू नका. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि मला हाक मारा. वर्गमित्राकडून बघायचे पैसे मी घेत नाही. प्लेटिंगवाला मात्र घेतो!