बंदिशाळेतील संवाद

नांदेडच्या किंवा लातूरच्या कारागृहात जो मनुष्य दाखल होतो, त्याच्याशी वकिलापासून मुलाकातीला आलेल्या सोयऱ्यापर्यंत जो जो बोलतो, तो त्याच्या प्रकरणाविषयीच बोलतो. दफ्तरात नावापुढे कलम असते, तारखांमागून तारखा पडतात, आणि शेवटी तोही स्वतःला त्या कलमावरूनच ओळखू लागतो.

अशा मनुष्याला तुरुंगातील गुरुजींनी एवढेच विचारावे, “मामा, तुमच्याकडं तिफण कोण हाकायचं?” तो प्रथम गप्प राहील, कारण प्रत्येक प्रश्नात काही डाव असावा, हे त्याला अनुभवाने शिकवलेले असते, आणि मग म्हणेल, “मीच की. चाड्यावर मूठ आई धरायची. तास कधी वाकडं जाऊ दिलं नाही.” येथे ‘शाबास’ म्हणून मोकळे होऊ नये. बैल बुजला तर काय करीत होता, ओल कशी पाहत होता, हे विचारीत जावे. पोकळ स्तुती बंदी तत्काळ ओळखतो. स्वमुखाने सांगितलेला गुण मात्र त्याला नाकारता येत नाही.

यात अपराधाचे विस्मरण नाही. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराचे दुःख कोणत्याही संभाषणाने हलके होणारे नाही. परंतु आपल्यात काही चांगले शिल्लक आहे असे ज्याला वाटते, त्यालाच आपल्या कृत्याची लाज वाटू शकते, अशी माझी श्रद्धा आहे.

याच श्रद्धेवर १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, ‘स्वतंत्रपूर’ ही बंदिवानांची भिंतींवाचूनची वसाहत उभी राहिली. कल्पना मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन या अभियंत्याची. राजाश्रय भवानराव पंतप्रतिनिधींचा. बंदी तेथे शेती करीत आणि बायकामुलांना जवळ ठेवीत. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा रचली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ती पडद्यावर आणली. आपल्या मराठवाड्यातही पैठणला खुले कारागृह आहे. तथापि तेथवर पोचण्यापूर्वीची जी वर्षे बंद बराकीत जातात, त्याच वर्षांत या संवादाची खरी निकड असते.

सुटकेच्या दिवशी बंदीला त्याचे कपडे आणि मजुरीची शिल्लक मिळते. त्यांसोबत, आत असताना त्याने काय पिकवले, कोणाला अक्षरे शिकवली, याचा अधीक्षकांच्या सहीचा एक कागदही द्यावा. आणि औसा, निलंगा, कंधार, मुखेड या तालुक्यांतील सरपंचांनी, तो मनुष्य गावी परतताच, तो कागद ग्रामसभेत त्याच्या देखत वाचून दाखवावा, ही माझी विनंती आहे.