चाळिशीत पोट का सुटतं? गिरणगावातला एक हिशोब

हा भाग बहुतेक लोकलमध्ये ऐकत असाल. आज आई-बाबांच्या पोटाबद्दल बोलूया. "चाळिशी उलटली, मेटाबॉलिझम मंदावतो," हे घरोघरी ऐकू येतं, हो की नाही?

तर 2021 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान हिशोबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत रोजचा ऊर्जाखर्च जवळपास तेवढाच राहतो. घट सुरू होते ती साठीनंतर.

मग चाळिशीत बदलतं काय? परळ-लालबागकडे बघा. गिरणी कामगार अख्खी पाळी उभ्यानं काढायचा. जेवण खानावळवाल्या बायकांकडचं. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. पोटभर भात-चपाती त्या अंगमेहनतीत जिरून जायची. (उगाच गोडवे नकोत हं, कापसाच्या धुळीनं फुप्फुसंही जायची.) 1982 चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच आवारांत काचेची ऑफिसं आली. भाताचा ढीग तेवढाच राहिला, उभं राहणं मात्र गेलं. दिवसभर खुर्ची, चारला वडापाव आणि कटिंग, रात्री साडेदहाला भरलेलं ताट आणि लगेच अंथरूण. संकष्टीला उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा! बायकांचं आणखी एक आहे. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते, त्यात आईचा आळशीपणा शोधू नका.

आता उपाय. इथे घरात दोन पक्ष पडतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दोनदाच जेवा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं, वेळेवर खा. माझं मत विचाराल तर जे वर्षभर निभेल ते करा. पण बाबांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून त्यांचं जेवण बंद करू नका. साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या.

आणि "आमचे बाबा तर बारीकच आहेत" म्हणणाऱ्यांसाठी एक मजेशीर गोष्ट. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी. आपल्याकडे हे फार आढळतं.

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. आज रात्री शिवणाच्या डब्यातली टेप काढा. पोट आत न ओढता कंबर मोजा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर, बायकांची 80 च्या वर भरली, तर या आठवड्यातच उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आकडा काय आला ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!