मेनूतली ओळ जागेवर राहू द्या



सभेच्या अध्यक्षाने तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. भवितव्य सांगायला बरेच वक्ते बसले आहेत. मी मेनूवर बोलतो. प्रोग्रॅम चालू असताना मेनू बदलायची सोय आज बहुतेक डेस्कटॉप फ्रेमवर्कमध्ये आहे. ती किती वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये ती मनसोक्त वापरून पाहिली. कमी लागणाऱ्या ओळी मेनूतून गायब व्हायच्या, खाली दुहेरी बाण उरायचा, आणि क्षणभर थांबले की उरलेला मेनू उलगडायचा. कागदावर कल्पना शहाणपणाची होती. पण सरावलेला माणूस मेनू वाचत नाही, त्याचा हात सवयीने जातो. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या वापराप्रमाणे आपोआप सरकू लागल्या, तर फोडणी करपणारच. लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनेर या संशोधकांनी २००४ मध्ये हे मोजून दाखवले : त्यांच्या प्रयोगात स्थिर मेनू आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा वेगवान ठरला, आणि बहुतेकांची पसंती स्वतःच्या हाताने बदलता येणाऱ्या मेनूला मिळाली. ऑफिस २००७ मध्ये वर्ड-एक्सेलच्या त्या मेनूंची जागा ‘रिबन’ या बटणांच्या पट्टीने घेतली.

म्हणून माझा आग्रह असा की, आज्ञा लागू नसेल तर ती काढू नका, मंद करा. विंडोजच्या मेनूत मंद ओळीवरही बाणाच्या कळीने जाता येते आणि स्क्रीन रीडर ती उपलब्ध नसल्याचे सांगतो. ओळच काढून टाकली, तर न पाहता काम करणाऱ्याला ती होती हेसुद्धा कळत नाही.

आता थोडे कोडकडे. क्यूटी या फ्रेमवर्कमध्ये मेनू उघडण्याच्या क्षणी ‘अबाउट टू शो’ हा सिग्नल येतो, आणि आपल्यातले बरेच प्रोग्रॅमर तिथेच ‘पेस्ट’ची ॲक्शन, म्हणजे त्या ओळीमागची आज्ञा, चालू-बंद करतात. मेनू उघडला तेव्हा क्लिपबोर्ड रिकामा होता, ‘पेस्ट’ बंद झाले. नंतर वापरणाऱ्याने मजकूर कॉपी करून कंट्रोल-व्ही दाबले. ‘पेस्ट’ची ॲक्शन चालत नाही, कारण मेनू पुन्हा उघडलेलाच नाही आणि शॉर्टकट त्याच बंद पडलेल्या ॲक्शनचा आहे. क्लिपबोर्ड बदलल्याचा सिग्नल वेगळा असतो. चालू-बंद त्याला जोडा.

‘अलीकडच्या फाइल्स’ची यादी मात्र खरोखरच बदलती, तिथे उघडताना भरणे रास्त आहे. तिथली गफलत निराळी. जुनी यादी पुसायला कोडमध्ये मेनूवर ‘क्लिअर’ म्हटले की मेनूच्या मालकीच्या आणि इतरत्र न दिसणाऱ्या ॲक्शनच नष्ट होतात. मालकी मुख्य खिडकीला दिली असेल, तर दर खेपेला जुन्या ॲक्शन मेमरीत साचत राहतात. क्यूटीच्या जुन्या उदाहरणात पाच ॲक्शन आधीच तयार करून लपवलेल्या असत आणि पुढे नावे बदलून लागतील तेवढ्याच दाखवल्या जात. जुनाट दिसते, पण मला आजही तीच पद्धत आवडते.

पुढची आवृत्ती बाहेर पाठवण्याआधी एक दुपार माऊस बाजूला ठेवा आणि आपला प्रोग्रॅम निव्वळ कळफलकावर, स्क्रीन रीडर लावून चालवून पाहा. एवढी विनंती करून मी थांबतो.