ढगाळ उजेडातली गल्ली



आयुष्यभर चित्रकला शिकवली, म्हणून संयोजकांनी मला एका आवडत्या चित्राबद्दल बोलायला सांगितलं. मी निवडलं योहानेस व्हर्मीरचं ‘द लिटल स्ट्रीट’. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट या आपल्या गावातली ही जुनी गल्ली त्याने १६५८च्या सुमारास रंगवली. चित्र जेमतेम ५४ सेंटिमीटर उंच आहे.

चित्रात विशेष असं काही घडत नाही. विटांचं जुनं घर, दारात शिवण घेऊन बसलेली बाई, बोळात पिंपाशी वाकलेली दुसरी, फरशीवर खेळणारी दोन मुलं. चेहरा एकाचाही नीट दिसत नाही.

आता उजेड पाहा. आभाळ ढगाळ आहे. कडक ऊन नाही, ठळक सावलीही नाही. त्यामुळे भिंतीतल्या भेगा, त्या बुजवल्याच्या खुणा, खालचा पांढरा चुना, सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. ऊन असतं तर नजर उजळलेल्या भिंतीवर खिळली असती आणि बोळातली ती बाई अंधारात गेली असती. चित्रातली शांतता या समान उजेडातून येते.

२०१५ साली फ्रान्स ग्रायझेनहाउट या अभ्यासकाने १६६७च्या कराच्या नोंदवहीतली मापं जुळवून ही जागा कोणती ते मांडलं. त्याच्या मते हे व्हर्मीरच्या सावत्र आत्याचं घर. ती विधवा होती. वजडी विकून तिने पाच मुलं वाढवली.

हे आज इथे का सांगतोय? मेळाव्यात आपण आठवणींवर सोनेरी ऊन पाडतो. पहिला नंबर काढणारे, बक्षिसं मिळवणारे, गॅदरिंगमधले नायक त्यात झळकतात. सातवीनंतर दप्तर ठेवून शेतावर गेलेला, लग्न ठरलं म्हणून शाळा सुटलेली, घंटा वाजवणारे शिपाईमामा मात्र सावलीत राहतात. तेही आपल्याच गल्लीतले.

म्हणून एक विनंती. पुढच्या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून नको, पाचवीच्या हजेरीपटावरून करू. मधेच सुटलेल्यांचे पत्ते शोधायचं काम मी घेतो. दोघं-तिघं सोबत या.