चाळीस दावे आणि एक काढा

आजचा भाग तसा अभ्यासाचा आहे, पण घाबरू नका. 'आशय विश्लेषण' हा शब्द ऐकून आधी मीही घाबरलेच होते. पुस्तकातून तो मला कळला नाही. कळला तो नारायणगडावर, सतरंजीवर बसून, सहा जणांनी भांडत भांडत.

आम्ही पत्रकारितेचे सहा विद्यार्थी. कोरोनाच्या काळात लोकांच्या फोनवर आरोग्याची कुठली माहिती पोचली, ते तपासायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं फेब्रुवारी २०२० मध्येच 'इन्फोडेमिक'चा इशारा दिला होता. म्हणजे रोगासोबत माहितीचीही साथ येते, खरी-खोटी एकत्र. आपल्याकडे कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो या अफवेनं पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं, तेही लॉकडाऊन लागायच्या आधी. तर आम्ही घरच्यांना विचारून त्यांच्या फोनमधले जुने फॉरवर्ड गोळा केले, नावं-नंबर काढून टाकले आणि प्रिंट घेतल्या. आमच्यातल्या एकाचं गाव गडाजवळच. तो म्हणाला, "गडावर बसू, शांत असतं." आषाढीला धाकटी पंढरी म्हणून गजबजणारा गड एरवी खरंच निवांत असतो.

कोडिंग म्हणजे काय, तर प्रत्येक मजकुराला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि ठरलेल्या उत्तरांतलंच एक लिहायचं. धान्य निवडतो तसंच. फक्त खडा कशाला म्हणायचं, ते आधी लिहून ठेवायचं. त्या नियमांच्या वहीला कोडबुक म्हणतात.

पहिल्याच मेसेजला अडलो. "साबणाने हात धुवा, गरम पाणी प्या, दहा सेकंद श्वास रोखा, खोकला आला नाही तर कोरोना नाही." आता हा खरा की खोटा? हात धुवा बरोबर, श्वासाची परीक्षा साफ चूक. मग ठरलं, अख्खा मेसेज नाही, त्यातला एकेक दावा मोजायचा. सरावासाठी चाळीस दावे घेतले. प्रश्न साधा : घातक की निरुपद्रवी? मी आणि तो गाववाला मित्र, दोघांनी एकमेकांचं न बघता लिहिलं.

चाळीसपैकी बत्तीस जुळले. ऐंशी टक्के! आम्ही खूश. मॅडमना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "थांबा. निरुपद्रवी किती लिहिलेत?" दोघांनीही तीस-तीस. "मग डोळे झाकून लिहिलं असतं तरी सरासरी पंचवीस जुळलेच असते. उरलेल्या पंधरांतले तुम्ही कमावले सात." सात भागिले पंधरा, म्हणजे ०.४७. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये मांडलेलं हे माप. आमची ऐंशी टक्क्यांची हवा तिथंच गेली.

मग न जुळलेले आठ काढले. त्यात काढ्याचा एक दावा होता. मी निरुपद्रवी लिहिलेलं, त्यानं घातक. मी हसले. "अरे, काढ्यानं कोण मरतं?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आमचे आबा आठ दिवस काढ्यावरच थांबले. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता."

कुणीच काही बोललं नाही. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी 'घातक' लिहायला पेन उचललं, तर त्यानंच हात धरला. "माझ्यासाठी नको बदलू. मेसेजात काय लिहिलंय ते बघ."

मंडळी, मी आशय विश्लेषण शिकले ते या वाक्यात. आम्ही काढ्याचे सगळे दावे परत वाचले. एकात होतं, काढा घ्या, पण ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्यात, हा काढा असताना दवाखान्याची गरजच नाही. आणि आम्ही दोन्ही एकाच टोपलीत टाकले होते! 'घातक' हा शब्द प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. तो खोडला आणि नवा प्रश्न लिहिला : डॉक्टरांबद्दल काय म्हटलंय? जा, जाऊ नका, की उल्लेख नाही? हे कागदावर बोट ठेवून दाखवता येतं.

पुन्हा वेगवेगळे बसलो. आबांच्या फोनमधला तो दावाही त्यात होता. मला वाटलं, तो नक्की 'जाऊ नका' लिहील. कागद उघडले. दोघांचंही एकच : उल्लेख नाही.

तो म्हणाला, "नाहीच ना त्यात. काय करणार?"

मेसेज वाचून आबा का थांबले, हे आमच्या तक्त्यातून कधीच कळणार नाही. त्यासाठी माणसांपाशी जाऊन बसावं लागतं. पण कितीतरी मेसेजांत डॉक्टरांचा शब्दच नव्हता, हे तक्त्यानंच दाखवलं. चुकीचं काय लिहिलंय ते सगळेच शोधतात. काय लिहिलेलंच नाही, ते मोजायला आम्ही त्या दिवशी शिकलो.

तुम्हीही करून बघा. घरच्या ग्रुपवरचे दहा मेसेज, दोघं जण, वेगवेगळे कागद. आणि जुळलं नाही, तर हसायच्या आधी विचारा, "तू असं का लिहिलंस?"

भेटू पुढच्या भागात.