जुन्या फटफटीवरून मुक्तिनाथ
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आम्ही दोघे दिवाळी आटोपली की पुण्याहून नेपाळात मुक्तिनाथाला फटफटीवरून जाणार, हे कळल्यापासून पुष्कळजणी मला हसल्या. सासूबाई तर दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणून आमचा बेत आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम ज्या काळी गंडकीत सापडतो, तिच्या खोऱ्यातूनच ही वाट जाते. यात्रा कंपनीचे पैसे आम्हांला झेपणारे नाहीत. गाडी आहे ती २०१३ सालची, शंभर सीसीची. पण अशा गाड्या नेपाळातही गल्लोगल्ली आहेत. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती कोणीही करतो. जुन्या गाडीचा हा मोठा गुण.

मी सातवी शिकलेली, पण हिशेब माझ्याकडे आहे. सोनौलीच्या सरहद्दीपर्यंत सोळाशे-सतराशे किलोमीटर, तेथून पोखऱ्यावरून मुक्तिनाथ आणखी साडेतीनशे. जाऊन-येऊन चार हजारांवर. लिटरला पन्नास धरले तर ऐंशी-पंच्याऐंशी लिटर पेट्रोल. रोज अडीचशेच किलोमीटर जायचे आणि दिवेलागणीपूर्वी मुक्कामाला पोचायचे, असे ठरले आहे.

आता कागद. आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आमच्या वयाला नुसते आधार कार्ड चालत नाही. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती आमची २०२८ पर्यंत आहे. गाडी यांच्याच नावावर आहे. विमा आपल्या देशापुरता असतो. जादा हप्ता भरून त्यात नेपाळ घालून घ्यावे लागते. सरहद्दीवर गाडीचा जकात परवाना काढायचा, त्याला तिकडे भन्सार म्हणतात. तो जितक्या दिवसांचा, तितके पैसे. पुढे अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना वेगळा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढायच्या, एक यांच्याजवळ, एक माझ्याजवळ.

गाडीला नवी साखळी, नवे टायर आणि ब्रेकचे नवे लायनर घालणार. बरोबर ट्यूब, प्लग, क्लचची तार. पंक्चर काढायला मीही शिकते आहे. मागे बसणारीने नुसते ओझे का व्हावे?

खरी अडचण चढाची आहे. मुक्तिनाथ ३,७०० मीटरांवर. तिथली हवा विरळ, त्यामुळे कार्बोरेटरची गाडी ओल्या लाकडांच्या चुलीसारखी कोंडते, जोर घटतो. माणसालाही धाप लागते, डोके दुखते. म्हणून पोखऱ्याला एक दिवस आणि जोमसोमला एक दिवस विसावा धरला आहे. जिथे गाडी दोघांना ओढेनाशी होईल, तिथे ती ठेवून जीपने पुढे जायचे. त्याचे पैसे मी वेगळ्या डब्यात टाकले आहेत. आणि माणूसच थकले, तर देवाला तिथूनच हात जोडून मागे फिरायचे.

हे शेवटचे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मागे फिरायचे ठरवून निघताय, मग जा.” त्यांचे औषधपाणी थोरल्या जाऊबाई बघणार आहेत.

भगिनींनो, उद्या तुमची मुले अशा प्रवासाची गोष्ट काढतील. एकदम नको म्हणू नका. कागद कोणते, पैसे किती आणि मागे कुठून फिरणार, एवढे विचारा. ज्याला उत्तरे देता येतील, त्याला खुशाल डबा बांधून द्या.