समोरच्याचे डोळे



दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यात पैनगंगेच्या काठानं पहाटेची धुवारी उतरायला लागते. बेला, जैनथ, तामसी, तलमडगू... कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या मार्केटला निघण्याची वेळही तीच. ट्रॅक्टर, छोटा हत्ती, बैलबंडी, पायी चालणारी माणसं, सगळी एकाच अरुंद रस्त्यावर. अशा वेळी गाडीवाल्याला वाटतं, पुढं आणखी दोन दिवे असते तर बरं झालं असतं. मग तो गॅरेजात जातो आणि बंपरवर, गार्डवर, कोणी तर टपावरसुद्धा, फोकस बसवून घेतो.

मागच्या पौषात मी बेल्याच्या रस्त्यानं मोटारसायकलवर येत होतो. समोरून एक जीप आली, टपावर चार पांढरे एलईडी लावलेली. दोन-तीन क्षण मला काहीच दिसलं नाही. ब्रेक दाबत कडेला उतरलो. जीप निघून गेली, डोळे हळूहळू सावरले, तेव्हा कळलं की माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर कापसानं भरलेली बंडी उभी होती. बंडीला ना कंदील, ना मागं चमकणारी पट्टी. बंडीवाला बैलांच्या वेसणी धरून उभा होता, कारण बैलही बिचकले होते.

त्या दिवसानंतर मी या दिव्यांचे नियम नीट वाचून काढले. 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत, त्यांतला 106 वा नियम मला फार मोलाचा वाटतो. त्याचा मुख्य भर दिवा किती वॅटचा आहे यावर नाही. तो एका माणसाची जागा सांगतो. दिव्यापासून 8 मीटर पुढं, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. झोत कायमचा खाली वळवलेला हवा. आता ही जागा डोळ्यांसमोर आणा. आपण डावीकडून चालतो, म्हणजे उजवीकडून समोरचा येतो. दीड मीटर म्हणजे जेमतेम पाच फूट. तिथं मोटारसायकलवाल्याचे डोळे असतात. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईचेही. हा नियम समोरून येणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेला आहे.

त्याच नियमांतला 111 वा सांगतो की गाडीच्या पुढं स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट बसवायचा नाही. अगदी अपवादाची गरज असेल, तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. टपावरच्या फोकसला दुकानदार फॉग लाईट म्हणो की आणखी काही, त्यानं फरक पडत नाही. पुढं लाल दिवा दाखवायलाही मनाई आहे.

मग खरा फॉग लाईट कोणता? धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्पर लावला की प्रकाश त्या थेंबांवर आदळून तुमच्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून फॉग लाईट खाली, बंपरच्या अंगाला असतो. त्याचा झोत रुंद, चपटा आणि वरच्या बाजूला कापल्यासारखा. रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दिसावी, एवढंच त्याचं काम. लांबचं दाखवायला तो नसतोच. दिव्यांच्या भारतीय मानकानुसार तो हेडलाईटच्या डिपरपेक्षा वर बसवता येत नाही. पांढरा चालतो, ठरावीक पिवळाही चालतो. पिवळा दिवा धुकं फोडतो, असं गॅरेजात हमखास सांगतात. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे दोन्ही रंग जवळजवळ सारखेच विखुरतात.

आणखी एक चूक मला सगळीकडे दिसते. हॅलोजनच्या जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब घालतात. आतली आरशासारखी वाटी हॅलोजनची तार जिथं असते त्या जागेच्या हिशेबानं घडवलेली असते. उजेडाची जागा जरा हलली की कापलेली कड जाते आणि झोत वर फाकतो. मालकाला वाटतं उजेड वाढला. समोरच्याला विचारा.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाजोगता बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये, केरळातल्या एका प्रकरणात, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेला बगल देता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182-अ नव्यानं लिहिलं गेलं. नियमाबाहेर सुटे भाग बसवले, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हा कायदा केंद्राचा. पलीकडच्या राज्यातून, पिंपळखुटीकडून पैनगंगेचा पूल ओलांडून येणाऱ्यांनी "आमच्याकडे चालतं" असं म्हणू नये. तिकडेही तेच कलम आहे.

दिवे बसवायचेच असतील, तर तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलात कंपनीनं दिलेले घ्या. बंपरमध्ये बहुतेकदा त्यांची जागा तयार असते. रिले आणि फ्यूज असलेली वायरिंग करून घ्या. थेट बॅटरीवरून तार ओढली तर आग लागू शकते. आणि काम हातात घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा, जमलं तर लेखी.

घरच्या घरी तपासणीही करता येते. अंधार पडला की गाडी सपाट जागेवर लावा, दिवे चालू करा. अकरा पावलं पुढं चाला, गाडीच्या उजव्या कडेच्या जरा बाहेर या आणि गुडघे वाकवून डोळे पाच फुटांवर आणा. दिव्याकडे बघा. डोळे मिटावेसे वाटले, तर दिव्याचं तोंड खाली करा. तरीही वाटलं, तर तो काढा.

येत्या पौषात नागोबाच्या पूजेसाठी मेस्राम कुळातली माणसं गोदावरीचं पाणी घेऊन केसलापूरकडे पायी निघतील. अमावास्येच्या आधीचे ते दिवस, म्हणजे रात्रीही काळोख्याच. इंद्रवेल्ली, उटनूरच्या रस्त्यांवर ती तुम्हाला भेटतील. त्यांचे डोळे साधारण दीड मीटरवरच असतात.